अडथळा म्हणायचे कशाला? यंत्रांच्या वाटशोधाचा आढावा

१९९७ च्या मे महिन्यात जर्मनीतल्या बॉन शहरातील डॉइचेस म्युझियममध्ये ऱ्हायनो नावाच्या रोबोने सहा दिवस वाटाड्याचे काम केले. प्रेक्षकांना दालनांतून फिरवायचे, ठरावीक वस्तूंपाशी थांबून माहिती सांगायची आणि गर्दीतून कुणाला धक्का न लावता पुढे सरकायचे, असे ते काम होते. माणसांच्या गराड्यातून वाट काढणे त्याला जमले. पंचाईत केली ती काचेच्या पेट्यांनी. ज्या सेन्सरांच्या भरवशावर तो आसपासची अंतरे मोजत होता, त्यांना काच धड दिसतच नव्हती. मग संशोधकांनी पेट्यांच्या जागा नकाशात आधीच नोंदवल्या. आपण नकाशात कुठे आहोत हे रोबोने ओळखायचे आणि सेन्सरला समोर काही दिसो वा न दिसो, त्या जागी अडथळा आहे असे धरून चालायचे. या साध्या युक्तीत रोबोंच्या वाटशोधाचा सगळा इतिहास साठलेला आहे. हा प्रश्न एक वाटतो, पण तो खरे तर दोन प्रश्नांचा मिळून बनलेला आहे. समोर अडथळा आहे की नाही हे ठरवणे हा पहिला, आणि ठरल्यावर तो चुकवून मुक्कामी पोचणे हा दुसरा. दुसरा प्रश्न बराचसा हिशेबाचा आहे आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो बऱ्यापैकी सुटला. पहिला मात्र अजून मोकळाच आहे, कारण अडथळा ही जगात पडलेली वस्तू नसते. ज्याला चालायचे आहे त्याने केलेला तो निवाडा असतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या तंत्रांचे मोल ठरवायचे असेल, तर कोणते तंत्र नवे आणि कोणते जुने हे पाहण्यापेक्षा यांपैकी कोणत्या प्रश्नावर ते लावले आहे हे पाहावे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी दुसरा प्रश्न पाहू, कारण त्याची कथा सरळ आहे. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली दोन ठिकाणांमधली सर्वांत कमी लांबीची वाट शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. ती अचूक होती, पण सगळ्या दिशांना सारखीच पसरत जाई. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९६६ ते १९७२ या काळात शेकी नावाचा रोबो घडत होता. त्याच्यासाठी पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफेल यांनी १९६८ मध्ये ए-स्टार ही रीत मांडली. मुक्काम अजून किती लांब असावा याचा अंदाज प्रत्येक पावलाच्या हिशेबात धरायचा आणि तो अंदाज खऱ्यापेक्षा जास्त होऊ द्यायचा नाही. तेवढे पाळले की शोध मुक्कामाच्या दिशेने झुकतो आणि तरीही सापडलेली वाट सर्वांत छोटीच असते. व्हिडिओ गेमपासून गोदामातल्या गाड्यांपर्यंत ही रीत आजही चालू आहे. वाटेत नवी माहिती मिळाली तर सगळा हिशेब पुन्हा न मांडता फक्त बदललेला भाग दुरुस्त करणारी डी-स्टार रीत अँथनी स्टेंट्झ यांनी १९९४ मध्ये दिली. अनेक सांधे असलेल्या हातासारख्या यंत्रांना सगळ्या शक्यता तपासणे परवडत नाही. त्यांच्यासाठी १९९६ साली आणि पुन्हा १९९८ साली ठिकठिकाणी यादृच्छिक बिंदू टाकून त्यांतून वाट विणण्याच्या पद्धती पुढे आल्या. या साऱ्यांत एक गृहीत समान होते: कोणती जागा मोकळी आणि कोणती व्यापलेली, हे आधीच कुणीतरी सांगितलेले आहे.

ऐन वेळी समोर आलेली वस्तू चुकवण्याचे तंत्रही असेच पायरीपायरीने पक्के झाले. उसामा खातिब यांनी १९८६ मध्ये मांडलेली कल्पना मोहक होती. मुक्काम रोबोला ओढतो, अडथळे त्याला ढकलतात, आणि या काल्पनिक बलांची बेरीज जिकडे नेईल तिकडे त्याने जावे. गणित इतके हलके की त्या काळच्या संगणकालाही झेपे. पण इंग्रजी यू अक्षरासारख्या खोबणीत शिरला की रोबो अडके, कारण तिथे ओढ आणि ढकल एकमेकांना तोलून धरत. मिशिगन विद्यापीठातले कोरेन आणि बोरेनस्टाइन यांनी १९९१ मध्ये या पद्धतीचे दोष नीट मांडले. अरुंद बोळात रोबो एकदा या भिंतीकडे, एकदा त्या भिंतीकडे हेलकावे खातो, आणि दोन अडथळ्यांमधल्या फटीतून जाणे शक्य असूनही मागे फिरतो. त्याच जोडीने दिशावार मोकळीक मोजणारी नवी पद्धत दिली. १९९७ मध्ये फॉक्स, बुर्गार्ड आणि थ्रून यांनी आणखी व्यवहारी विचार केला. चाकांना प्रत्यक्षात जमतील तेवढेच वेग विचारात घ्यायचे, त्यांतही ज्या वेगाने जाताना धडकेपूर्वी थांबता येईल तेवढेच ठेवायचे, आणि उरलेल्यांतून सर्वांत चांगला निवडायचा. ऱ्हायनो याच रीतीवर चालत होता. हलत्या वस्तूंसाठी फिओरिनी आणि शिलर यांनी १९९८ मध्ये वेगांच्या भाषेत अडथळा मांडला: ज्या वेगाने गेल्यास काही क्षणांनी टक्कर होईल तो वेगच निषिद्ध. इथपर्यंत आल्यावर दुसऱ्या प्रश्नाचे मोठे काम उरकले. अडथळा कुठे आहे हे सांगा, चुकवण्याची हमी आम्ही देतो, असे अभियंत्यांना बऱ्याच अंशी म्हणता येऊ लागले.

पण सांगायचे कुणी? शेकी ज्या खोल्यांत फिरला त्या त्याच्यासाठीच सजवलेल्या होत्या: सपाट जमीन, साधे रंगवलेले ठोकळे, नियंत्रित उजेड. सजावट काढून घेतली की काय होते, हे हान्स मोरावेक यांच्या स्टॅनफर्ड कार्टने दाखवले. १९७९ मध्ये या गाड्याने खुर्च्यांनी भरलेली खोली माणसाच्या मदतीविना ओलांडली, पण त्याला सुमारे ५ तास लागले. एक मीटर सरकायचे आणि मग छायाचित्रांचा अर्थ लावत दहा-पंधरा मिनिटे बसून राहायचे, असा त्याचा क्रम होता. उघड्यावर तर त्याचा विचार होईपर्यंत सावल्या सरकत, आणि सरकलेल्या सावल्या त्याचा गोंधळ उडवत. मोरावेक यांनी पुढे मांडलेला विरोधाभास याच अनुभवाशी जुळतो. बुद्धिबळासारखी माणसाला अवघड वाटणारी कामे संगणकाला सोपी जातात, आणि वर्षभराच्या मुलाला येणारे पाहणे-चालणे त्याला महाकठीण जाते. मोरावेक आणि एल्फेस यांनी १९८५ मध्ये यातून एक वाट काढली. जागेचे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोन भरलेला असण्याची संभाव्यता नोंदवायची. सेन्सरने नवे काही सांगितले की तो आकडा वरखाली करायचा. अडथळा आहे किंवा नाही या दोन उत्तरांच्या मधे ‘असावा’ हे तिसरे उत्तर आले. नकाशा बनवता बनवताच त्यात स्वतःची जागा ओळखण्याचे, म्हणजे स्लॅमचे, गणित याच संभाव्यतेच्या पायावर उभे राहिले. थ्रून, बुर्गार्ड आणि फॉक्स यांच्या २००५ च्या ग्रंथाने या विचाराला पाठ्यपुस्तकाचे रूप दिले. निवाड्यात शंकेला जागा मिळाली, हे या टप्प्याचे खरे कार्य.

याच काळात दुसऱ्या एका प्रवाहाने नकाशालाच हरकत घेतली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले रॉडनी ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये असे मांडले की जगाचे चित्र डोक्यात बनवत बसण्याची गरजच नाही. धडक टाळ, भटक, शोध घे अशा साध्या वर्तनांचे थर एकावर एक रचावेत आणि जगालाच नकाशा मानावे. हे थर इतके चपळ होते की स्टॅनफर्ड कार्टची दहा मिनिटांची समाधी एकदम कालबाह्य वाटू लागली. ब्रुक्स ज्या कंपनीचे एक संस्थापक होते, तिने २००२ मध्ये रूम्बा हा झाडू मारणारा रोबो बाजारात आणला. तो भिंतीला टेकला की वळे आणि पुन्हा चालू लागे. मात्र या पद्धतीचे यश कुठे टिकले हेही ध्यानात घ्यावे लागते. रूम्बाला धडकणे परवडत होते. त्याचा वेग आणि वजन दोन्ही बेताचे होते. मुक्काम ठरलेला नव्हता, त्यामुळे चुकीच्या वळणाची किंमत शून्य होती. पुढे त्याच कंपनीच्या वरच्या श्रेणीतल्या यंत्रांत कॅमेरा आणि घराचा नकाशा आला. थरांची कल्पना मात्र वाया गेली नाही. धोका टाळणारा थर सर्वांत खाली, सर्वांत जलद आणि वरच्या कुणालाही न विचारता चालणारा असावा, हे तत्त्व आजच्या यंत्रांत रुजलेले आहे.

आढावा लेखांत ज्यांची नावे सर्वांत जास्त भरतात, त्या तंत्रांबद्दल थोडक्यात पण स्पष्ट बोलायला हवे. लोत्फी झादेह यांचे १९६५ चे फझी लॉजिक, जॉन हॉलंड यांच्या १९७५ च्या ग्रंथाने रूढ केलेले जेनेटिक अल्गोरिदम, मार्को डोरिगो यांनी १९९२ मध्ये मांडलेली मुंग्यांच्या वसाहतीची रीत, केनेडी आणि एबरहार्ट यांची १९९५ ची थव्याची रीत, आणि या सर्वांची न्यूरल नेटवर्कशी लावलेली नाना लग्ने. यांतले फझी लॉजिक खरोखर उपयोगाचे ठरले. ‘अडथळा जवळ असेल आणि उजवीकडे मोकळे असेल तर हलकेच उजवीकडे वळ’ असा अनुभवी माणसाचा नियम त्याच शब्दांत यंत्राला देता येतो आणि यंत्र झटके न खाता वळते. पण ‘जवळ’ म्हणजे किती हे ठरवायला पुन्हा माणूस लागतो, आणि नियम वाढत गेले की ते एकमेकांच्या पायांत पाय घालू लागतात. मुंग्या, थवे आणि जनुके यांच्या पद्धती वाट शोधण्याच्या गणितात, म्हणजे दुसऱ्या प्रश्नात, नवे पर्याय देतात. अनेक उद्दिष्टांचा एकाच वेळी तोल साधायचा असेल किंवा अनेक रोबोंना कामे वाटून द्यायची असतील तर त्यांचा उपयोग आहे. मात्र अशा निबंधांत अनेकदा काळ्या चौकोनांचा पांढऱ्या कागदावरचा नकाशा असतो, अडथळे आधीच आखलेले असतात, आणि नव्या रीतीने वाट जुन्या रीतीपेक्षा थोडी छोटी आली असा निष्कर्ष असतो. जो प्रश्न सुटलेला आहे त्याचे उत्तर चार टक्क्यांनी सुधारणे आणि जो सुटलेला नाही त्याला हात घालणे, यांत मोठे अंतर आहे.

सुटलेला नाही तो प्रश्न किती बारीक असू शकतो हे मंगळावर कळले. तिथे संदेश पोचायला एका दिशेने साधारण ३ ते २२ मिनिटे लागतात, म्हणून पृथ्वीवर बसून सुकाणू धरता येत नाही. नासाचे स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी हे रोव्हर दोन कॅमेऱ्यांतून जमिनीची उंच-सखलता मोजत आणि दगड टाळत. पण २००५ च्या एप्रिलमध्ये ऑपॉर्च्युनिटी जिथे रुतला तिथे दगड नव्हता. होती ती मऊ वाळूची हलकीशी लाट. भूमितीच्या दृष्टीने ती निर्धोक होती. बाहेर पडायला सुमारे ५ आठवडे गेले. स्पिरिट २००९ मध्ये असाच रुतला आणि पुन्हा निघालाच नाही. अडथळा म्हणजे वर आलेली वस्तू, ही व्याख्या तिथे अपुरी पडली. अडथळा म्हणजे चाक घसरेल अशी जमीनही असते. २०२१ मध्ये उतरलेल्या पर्सिव्हरन्सने चालता चालताच विचार करण्याची क्षमता मिळवली. त्याच्या पहिल्या मंगळवर्षातल्या १७.७ किलोमीटरच्या प्रवासापैकी ८८ टक्के अंतर त्याच्या स्वयंचलित यंत्रणेने स्वतः पारखले होते. त्या मार्गनिवडीचा गाभा मात्र भूमितीचाच आहे, आणि रोव्हर कोणत्या भूभागात न्यायचा हे माणसे ठरवतात. आपल्या चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरचे उदाहरण या तुलनेत बोलके आहे. २७ ऑगस्ट २०२३ रोजी त्याच्यापुढे ३ मीटरवर ४ मीटर व्यासाचे विवर आले, तेव्हा त्याला माघारी वळण्याचा आदेश पृथ्वीवरून देण्यात आला. चंद्र जवळ आहे, संदेशाला सव्वा सेकंद लागतो, आणि काम एका चांद्रदिवसाचे होते. तिथे निवाडा माणसाकडे ठेवणे शहाणपणाचेच होते. किती स्वायत्तता हवी हे अंतर आणि वेळ ठरवतात, प्रतिष्ठा नव्हे.

शिकणाऱ्या यंत्रांची गरज इथे लागते. ज्याची व्याख्या लिहिता येत नाही ते उदाहरणांनी दाखवावे लागते. कार्नेगी मेलन विद्यापीठात डीन पोमरलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ॲल्विन नावाचे छोटे न्यूरल नेटवर्क माणसाचे वाहन चालवणे पाहून शिकवले. ३० बाय ३२ बिंदूंचे चित्र आत, सुकाणूचा कोन बाहेर. त्यात एक गोची होती. चांगला चालक रस्ता सोडतच नाही, म्हणून रस्ता सुटल्यावर परत कसे यावे हे नेटवर्कला कधी दिसतच नाही. पोमरलो यांनी चित्रे मुद्दाम सरकवून-फिरवून ही उणीव भरली, आणि २०११ मध्ये रॉस, गॉर्डन आणि बॅग्नेल यांनी तिच्यावरचा शास्त्रशुद्ध उपाय दिला: यंत्राला चुकू द्या आणि चुकलेल्या जागी गुरूला विचारा. शिकण्याची नेमकी जागा मात्र डार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेने चालकाविना चालणाऱ्या गाड्यांसाठी भरवलेल्या २००५ च्या ग्रँड चॅलेंज शर्यतीत दिसली. आदल्या वर्षी याच वाळवंटी शर्यतीत सर्वांत पुढे गेलेली गाडी १२ किलोमीटरही चालली नव्हती. २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या स्टॅन्लीने सुमारे २१२ किलोमीटर ७ तासांच्या आत पार केले. त्याचे लेझर जवळची जमीन मोजून सांगत की ही चालण्याजोगी आहे. त्या जमिनीचा रंग-पोत कॅमेरा शिकून घेई आणि लेझर पोचत नाही तिथपर्यंत तशीच जमीन ओळखे. वाटेत जमीन बदलली की हे शिकणेही बदले. इथे शिकलेल्या भागाने सुकाणू धरले नाही. रस्ता कशाला म्हणायचे एवढेच त्याने सांगितले. वळण्याचा आणि थांबण्याचा हिशेब लिहिलेल्या नियमांकडेच राहिला.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की ही वाटणी माणसाची सोय आहे, निसर्गाची नव्हे. चित्र आत आणि कृती बाहेर असे एकच मोठे नेटवर्क पुरेशा अनुभवातून सगळे शिकेल. मधल्या भिंती आपणच उभ्या केलेल्या आहेत आणि त्या माहिती गाळून टाकतात. या बाजूला पुरावा आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बक्षीस-दंडातून शिकणाऱ्या नेटवर्कने आभासी घरांत अडीच अब्ज पावले टाकली, माणसाच्या हिशेबाने सुमारे ८० वर्षांचा अनुभव, आणि नकाशा न देताही सांगितलेल्या बिंदूपर्यंत जवळजवळ दरवेळी पोचून दाखवले. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा ही म्हण संगणकाने अशी घाऊक प्रमाणात खरी केली. पण तपशील पाहावेत. त्या नेटवर्कला स्वतःची जागा आणि दिशा अचूक सांगणारे आदर्श साधन दिलेले होते. ते काढून घेऊन खऱ्या चाकांसारखी घसरण घातली तेव्हा यश कोसळले, आणि आपण किती सरकलो याचा अंदाज करणारा स्वतंत्र भाग जोडल्यावरच ते सावरले. त्याहून उद्बोधक आहे २०२३ चा एक शोध. काहीही न दिसणाऱ्या, केवळ आपली हालचाल जाणणाऱ्या नेटवर्कला वाट शोधायला शिकवले, तेव्हा त्याच्या स्मृतीत खोलीचा नकाशा आपोआप तयार झालेला आढळला. म्हणजे नकाशा हा जुन्या अभियंत्यांचा हट्ट नव्हता. वाट शोधणाऱ्या कुणालाही तो शेवटी लागतोच. तसे असेल तर तो उघड, तपासता येईल अशा रूपात ठेवणे अधिक बरे.

हाच आक्षेप वेगाच्या बळावरही मांडला जातो. झुरिच विद्यापीठाच्या स्विफ्ट या ड्रोनने माणसांतल्या तीन विजेत्या वैमानिकांशी शर्यती केल्या आणि २५ पैकी १५ जिंकल्या. हे काम २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. पण स्विफ्टचीही रचना पाहिली तर मार्गावरच्या कमानी ओळखणारे नेटवर्क वेगळे, ड्रोनची जागा ठरवणारे जुने गणित वेगळे, आणि बक्षिसातून शिकलेला भाग फक्त उड्डाणाचा. शिवाय मार्ग ठरलेला होता आणि उजेड बदलला तर डोळे चुकतील, हे संशोधकांनीच नमूद केले. चालणाऱ्या यंत्रांनी हीच शिकवण पक्की केली. ईटीएच झुरिचच्या एनिमल या चार पायांच्या रोबोला समोरचे गवत आणि बर्फ डोळ्यांना ठोस दिसते, पायाला मात्र तसे लागत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या शिकलेल्या चालीचे मर्म हे, की डोळा आणि पाय यांचे पटले नाही तर कुणावर किती विसंबायचे हे ते नेटवर्क शिकते. अडथळ्याचा निवाडा इथे पावलाच्या स्पर्शाने फिरवला जातो. २०२१ मध्ये केंटकीतल्या लुइसव्हिलच्या भुयारांत झालेली डार्पाची अंतिम स्पर्धा सर्बेरस या संघाने याच जातीच्या रोबोंच्या बळावर जिंकली. पण अनोळखी भुयारात पुढे कुठे जायचे हे आलेखावर वाट शोधणारे लिखित गणितच ठरवत होते. भाषेच्या मोठ्या मॉडेलांनीही हा साचा मोडलेला नाही. २०२२ च्या एलएम-नॅव्ह प्रयोगात वाक्यातून खुणा वेचायला भाषेचे मॉडेल, खुणा ओळखायला चित्रांचे मॉडेल, आणि त्या खुणांमधून वाट काढायला डायक्स्ट्रांच्या रीतीचाच एक अवतार होता.

उलट बाजूचा आक्षेप व्यवहारी लोकांचा आहे. एवढी बुद्धी हवीच कशाला? जग सोपे करा. ॲमेझॉनने २०१२ मध्ये किव्हा सिस्टिम्स ही कंपनी ७७.५ कोटी डॉलर देऊन विकत घेतली. तिचे रोबो जमिनीवर चिकटवलेल्या सांकेतिक खुणा वाचत फडताळे उचलून नेतात, आणि त्यांच्या कुंपणात माणूस शिरत नाही. नाचता येईना अंगण वाकडे, असे आपण म्हणतो. इथे अंगणच सरळ करून घेतले. जिथे हे शक्य आहे तिथे हाच उपाय सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित आहे, आणि कारखान्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा सोस धरणाऱ्यांनी आधी जमिनीवर रेघ मारून पाहावी. पण शेत, इस्पितळाचा बोळ, कोसळलेली इमारत आणि गावातला रस्ता यांना कुंपण घालता येत नाही. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१८ मध्ये भारतीय रस्त्यांची जी चित्रे संशोधनासाठी खुली केली, त्या संचात १०,००४ चित्रे आणि ३४ वर्ग आहेत. त्यांत रिक्षा आणि जनावरे तर आहेतच, शिवाय रस्ता नसूनही वेळ पडल्यास गाडी घालता येईल अशा कच्च्या कडेचा वेगळा वर्ग करावा लागला. युरोपीय शहरांतल्या चित्रसंचांवर शिकलेल्या यंत्राला हा वर्ग ठाऊक नसतो. साइडपट्टीवरून दुचाकी काढणाऱ्या कुणालाही तो पाठ असतो. अडथळ्याचा निवाडा स्थानिक असतो, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको.

आणि सर्वांत अवघड निवाडा माणसाचा. ट्राउटमन आणि क्राउझे यांनी २०१० मध्ये दाखवले, की गर्दीतल्या प्रत्येकाच्या पुढच्या हालचालीची अनिश्चितता रोबोने प्रामाणिकपणे धरली तर त्याला कोणतीच वाट सुरक्षित वाटत नाही आणि तो जागीच थिजतो. माणूस थिजत नाही, कारण आपण पुढे झालो की समोरचा थोडा सरकेल हे तो गृहीत धरतो. दादरच्या पुलावर संध्याकाळी सहा वाजता कुणीही याच गृहीतावर चालतो. म्हणजे माणूस हा अडथळाही आहे आणि वाट देणारा भागीदारही. त्याला नुसती हलती वस्तू मानणे जसे चुकीचे, तसे ठरावीक नावाच्या कप्प्यात बसवणेही घातक. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टेंपी शहरात उबरच्या चाचणी मोटारीने सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली आणि ती मृत्युमुखी पडली. सरकारी चौकशीत आढळले, की यंत्रणेला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण यंत्रणा तिला कधी वाहन, कधी ‘इतर’, कधी सायकल ठरवत राहिली, आणि दर बदलासोबत तिच्या आधीच्या हालचालीची नोंद सोडून देत गेली. पादचारी ओलांडण्याच्या ठरलेल्या जागेखेरीज रस्त्यात येऊ शकतो, हे तिच्या रचनेत धरलेलेच नव्हते. देखरेखीला बसलेल्या व्यक्तीचे लक्ष नव्हते हेही खरे, पण त्याने रचनेचा दोष झाकला जात नाही. डोळ्याला दिसत असूनही निवाडा झाला नाही. आणि निवाडा होईपर्यंत थांबावे, असा नियम कुणी लिहिला नव्हता.

शेवटचा आक्षेप सुरक्षेच्या जाणकारांचा: शिकलेल्या नेटवर्कची हमी देता येत नाही, म्हणून ते वापरूच नये. हमी देता येत नाही हे मान्य. पण लिहिलेल्या नियमांची हमीही सेन्सरने जे सांगितले ते खरे धरल्यावरचीच असते. काचेने ती १९९७ मध्ये आणि वाळूने २००५ मध्ये फोल ठरवली. म्हणून यातून निघणारा निर्णय दोन्ही बाजूंना थोडा कडू आहे. समोर काय आहे, जमीन पेलेल का, हा माणूस थांबेल की येईल, हे ठरवण्यासाठी शिकणारे यंत्र लागणारच, आणि त्याने उत्तरासोबत आपली शंकाही सांगितली पाहिजे. ती शंका मोठी असेल तेव्हा वेग कमी करणारा, थांबवणारा आणि शिकलेल्या भागाला न जुमानणारा थर मात्र लिहिलेला, छोटा आणि तपासता येणारा हवा. याचीही किंमत आहे: असे यंत्र विनाकारण थांबेल, सावलीलाही बिचकेल आणि मागच्यांच्या शिव्या खाईल. शिकणे सुधारेल तशी ही किंमत उतरेल. उलट क्रमाने गेलो तर किंमत रस्त्यावरचा माणूस मोजेल. त्यामुळे यापुढे कुणी वाट शोधणारे नवे यंत्र घेऊन आले, तर ते किती वेगाने पोचते आणि कोणत्या मॉडेलवर चालते हे नंतर विचारावे. समोर काय आहे हे कळले नाही तेव्हा ते काय करते, हा प्रश्न आधी विचारावा, आणि त्याचे उत्तर एका वाक्यात मिळाले नाही तर ते यंत्र अजून कुंपणाबाहेर सोडण्याजोगे झालेले नाही असे समजावे.